उस्ताद अहमदजान थिरकवा

उत्तर प्रदेशात मुरादाबाद नावाचे एक शहर आहे. पितळेच्या नक्षीदार भांड्यांसाठी ते देशभर प्रसिद्ध आहे. तेथील गल्ल्यांतून दिवसभर हातोड्यांचा ठोका ऐकू येतो. याच शहरात १८९२ च्या सुमारास एका संगीतोपजीवी कुटुंबात अहमदजान यांचा जन्म झाला. त्यांचे वडील हुसेनबक्ष सारंगी वाजवीत. चुलते शेरखाँ हे तबल्याचे जाणकार होते. घरात सकाळ-संध्याकाळ सुरांचा आणि तालाचा सहवास असे. मुलाने दुसरा एखादा उद्योग करावा, असा विचारही त्या घरात कोणाच्या मनात आला नसेल.

लहानग्या अहमदजानला प्रथम गाण्याचे व सारंगीचे शिक्षण मिळू लागले. गवयाला मैफलीत मानाचे स्थान असते, तेव्हा मुलाला गळ्याची विद्या यावी, ही इच्छा स्वाभाविकच होती. परंतु मुलाचा ओढा निराळा होता. मुनीरखाँ या नामांकित तबलावादकाचे वादन त्याच्या कानांवर पडले आणि त्याला तबल्याखेरीज दुसरे काही सुचेना. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास तो या गुरूंच्या पायाशी येऊन बसला. मुनीरखाँचे वास्तव्य तेव्हा मुंबईत होते. मुरादाबादहून मुंबई हे अंतर आजही काही थोडे नाही. आईबापांचे घर, ओळखीची बोली, खेळगडी हे सारे मागे टाकून एका अफाट शहरात गुरुगृही राहणे त्या मुलाला किती जड गेले असेल, याची कल्पना तुमच्या वयाच्या मुलांना सहज करता येईल.

मुनीरखाँ हे विलक्षण गुरू होते. त्यांनी स्वतः एका गुरूवर समाधान मानले नव्हते. ज्याच्याजवळ काही चांगले आहे असे कळे, त्याच्याकडे जाऊन ते शिकत. त्यांनी चोवीस उस्तादांकडून विद्या मिळवली, असे सांगतात. त्यामुळे त्यांच्यापाशी दिल्लीचा बाज होता, तसाच पूरबचाही होता. बाज म्हणजे वाजविण्याची धाटणी. दिल्लीचे वादक तबल्याच्या किनारीवर, म्हणजे चाटेवर, मुख्यतः दोन बोटांनी नाजूक व रेखीव अक्षरे काढीत. लखनौ-फरुखाबादकडील पूरब बाजात पंजाचा उपयोग अधिक असे, आणि पखवाज व कथक नृत्य यांच्या सहवासामुळे त्यात भरदारपणा आला होता. अहमदजानला या दोन्ही रीती एकाच ठिकाणी मिळाल्या.

आता तबल्यावरची अक्षरे म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. तबला म्हणजे वस्तुतः दोन वाद्यांची जोडी. उजव्या हाताचा तबला लाकडी खोडाचा, तर डाव्या हाताचा डग्गा तांब्यापितळेचा असतो. दोहोंच्या तोंडावर चामड्याची पुडी ताणून बसविलेली असते आणि पुडीवर काळी वर्तुळाकार शाई दिसते. ही शाई लिहिण्याची नव्हे. लोखंडाचा बारीक कीस आणि खळ यांचे एकावर एक पातळ थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घासून ती तयार करतात. या शाईमुळेच तबल्यातून नुसता आवाज न निघता स्वर निघतो. वाद्यांच्या कडेने असलेले लाकडी गठ्ठे हातोडीने खालीवर करून तो स्वर गवयाच्या षड्जाशी जुळवितात. मग बोट कोठे, किती जोराने व किती वेळ टेकले, यावरून ना, तिं, धा, धिं, तिरकिट असे निरनिराळे बोल उमटतात. तबल्याचा विद्यार्थी हे बोल आधी तोंडाने म्हणतो आणि नंतर हाताने काढतो. जे तोंडाने स्वच्छ म्हणता येत नाही ते हातातून स्वच्छ निघत नाही, असा जाणत्यांचा अनुभव आहे.

गुरुगृही अहमदजानचा रियाज अखंड चालू असे. एकच बोल शेकडो वेळा, आधी संथ लयीत, मग दुपटीत, मग चौपटीत. बोटे दुखत, मनगटे भरून येत. तरी लय वाढली म्हणून अक्षर पुसट झालेले गुरूंना खपत नसे. मुनीरखाँचे वडील काळेखाँ एके दिवशी हा रियाज पाहत बसले होते. मुलाची बोटे तबल्यावर जणू नाचत होती. हिंदीत अशा लयदार नाचण्याला थिरकणे म्हणतात. म्हाताऱ्या काळेखाँनी कौतुकाने त्या मुलाला थिरकवा म्हणून हाक मारली, असे सांगतात. पुढे हेच नाव त्याला कायमचे चिकटले, आणि घरच्यांनी ठेवलेल्या नावाइतकेच ते जगाला परिचित झाले.

वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईतील खेतवाडीत त्यांचे पहिले जाहीर वादन झाल्याचे सांगतात. नाव होऊ लागले. परंतु त्या काळी तबलजीचे स्थान काय होते, हे लक्षात घेतले पाहिजे. मैफल गवयाची किंवा सतारियाची असे. तबला वाजविणारा बाजूला बसे, त्याचे नाव जाहिरातीत असेलच असे नाही, आणि बिदागीही हात आखडूनच दिली जाई. तबलजी या शब्दातच थोडी तुच्छता असे. ज्या विद्येसाठी माणसाने आपले बालपण वेचले, तिला लोकांनी दुय्यम लेखावे, हे दुःख त्या पिढीतील कित्येक गुणी वादकांनी मुकाट्याने सोसले.

अशा वेळी महाराष्ट्रातील एका नाटक मंडळीने अहमदजान यांना आपल्याकडे बोलाविले. ती गंधर्व नाटक मंडळी होय. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांनी १९१३ मध्ये गणेश गोविंद बोडस आणि कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांच्यासह ही मंडळी काढली होती. बालगंधर्व स्त्रीभूमिका करीत. ‘स्वयंवर’ नाटकातील रुक्मिणी, ‘एकच प्याला’ नाटकातील सिंधू, ‘द्रौपदी’ नाटकातील द्रौपदी या त्यांच्या भूमिका पाहण्यासाठी आणि त्याहूनही अधिक त्यांची पदे ऐकण्यासाठी लोक गावोगावहून गाड्या जोडून येत. नाटके रात्र रात्र चालत. एखादे पद रंगले की श्रोते वन्समोअरचा गजर करीत आणि बालगंधर्व तेच पद पुन्हा नव्याने, नव्या जागा घेऊन गात.

रंगमंचाच्या पुढे साथीदारांची बैठक असे. ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असा तो मेळ होता. कोणत्याही राजदरबाराला हेवा वाटावा असे हे वादक रोज रात्री तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसांसाठी वाजवीत होते. गिरणीतला कामगार, शाळामास्तर, खेड्यातून आलेला शेतकरी, या सर्वांच्या कानांवर पहिल्या प्रतीचा तबला पडला तो या नाटकांमुळे. संगीत नाटकाचे महाराष्ट्रावर जे ऋण आहे त्यात याचीही गणना करावयास हवी.

नाटकातील साथ ही मोठी कसोटीची गोष्ट असते. मैफलीत वादकाला आपले कसब दाखविण्यास थोडी तरी सवड मिळते. नाटकात तसे नसते. तेथे गाणारी व्यक्ती रुक्मिणी असते, सिंधू असते. तिचे दुःख किंवा आनंद पदातून व्यक्त व्हावयाचा असतो. अशा वेळी तबलजीने आपल्या बोटांची चलाखी दाखविली, तर प्रेक्षकांचे लक्ष पात्रावरून उडून जाईल. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हते, त्यामुळे तबल्याचा आवाज थोडा जरी चढला तरी गाण्याचे शब्द बुडत. शिवाय बालगंधर्व पदाचा विस्तार आज कसा करतील, कोठे थांबतील, कोणत्या मात्रेवरून पुन्हा मुखडा उचलतील, हे आधी ठरलेले नसे. साथीदाराने कान आणि डोळे त्यांच्यावर ठेवून क्षणाक्षणाला निर्णय घ्यावयाचा. ज्यांच्याजवळ तासन्‌तास पुरतील इतके कायदे आणि गती होत्या, ते अहमदजान येथे साधा ठेका धरून बसत. परंतु तो ठेका असा भरीव आणि डौलदार असे, की पद त्यावर आपोआप झुलू लागे. मध्येच एखाद्या ओळीच्या शेवटी, गायकाने श्वास घेण्यापुरती जागा सोडली, की तेवढ्यात एक छोटासा तुकडा किंवा लग्गीची लहर येऊन समेवर विसावे. ती ऐकण्यासाठी टपून बसलेले रसिकही थिएटरात असत.

येथे थोडे विषयांतर करावयास हरकत नाही. पाश्चात्य देशांतील मोठ्या वाद्यवृंदात टिंपनी नावाचे तांब्याच्या अर्धगोलावर चामडे ताणलेले ढोल असतात. तेही तबल्याप्रमाणे ठराविक स्वरात जुळवावे लागतात. ते वाजविणारा वादक कित्येकदा बराच वेळ नुसता मोजत उभा असतो आणि नेमक्या क्षणी दोन-चार आघात करतो. त्याची खरी परीक्षा त्या थांबण्यात असते. या टिंपनीचे पूर्वज म्हणजे पूर्वेकडून युरोपात गेलेले नगारेच होत. कोल्हापूरच्या जुन्या राजवाड्यासमोरचा नगारखाना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या वाद्यांचे कूळ ओळखीचे वाटेल.

गंधर्व मंडळीचे वैभव फार काळ टिकले नाही. उंची पडदे, भरजरी पोशाख, अत्तरे, मंडळींच्या रोजच्या पंगती यांवर बालगंधर्वांनी पैशाकडे न पाहता खर्च केला. कर्जाचा डोंगर झाला. इकडे बोलपट आले आणि नाटकांचे प्रेक्षक तिकडे वळले. १९३५ मध्ये स्वतः बालगंधर्वांनी प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात काम केले. मंडळीच्या आश्रयाला असलेल्या कलावंतांना आपापला मार्ग शोधणे भाग पडले.

अहमदजान यांना रामपूर संस्थानचे बोलावणे आले आणि १९३६ च्या सुमारास ते तेथील दरबारात रुजू झाले. नबाब रझाअलीखाँ हे संगीताचे मोठे शोकीन होते. दरबारात नामवंत गायक-वादकांचा राबता असे. येथे तबलावादकाला साथीखेरीज स्वतंत्र वादनालाही वाव होता. तबल्याचे स्वतंत्र वादन ही एक वेगळीच गोष्ट आहे. सारंगी किंवा पेटी एकच लहानशी सुरावट, म्हणजे लेहरा, सारखी वाजवीत राहते आणि तिच्या आधाराने तबलावादक आपला विस्तार मांडतो. आरंभी संथ पेशकार, मग कायदे, रेले, गती, तुकडे. कायदा हा शब्दच बोलका आहे. ठरलेली काही अक्षरे घ्यावयाची आणि त्यांतीलच अक्षरांची उलटापालट करून नवनवीन वाक्ये बनवावयाची; बाहेरचे एकही अक्षर आत येऊ द्यावयाचे नाही. हे ऐकावयास सोपे वाटते, पण वहीवर पाच अक्षरे लिहून त्यांची दहा निराळी अर्थपूर्ण वाक्ये बनवून पाहावीत, म्हणजे अडचण कळते. अहमदजान हे काम लयीत, न अडखळता करीत. वाजविताना ते ताठ आणि स्थिर बसत. मान डोलविणे, हात उंच उडविणे असे काही नाही. डोक्यावर काळी टोपी, भरघोस मिशा, शांत चेहरा. हालत असत ती फक्त बोटे.

भारत स्वतंत्र झाला आणि १९४९ मध्ये रामपूर संस्थान विलीन झाले. देशातील इतर दरबारांप्रमाणे तेथलेही दिवस पालटले. पिढ्यान्‌पिढ्या राजाश्रयावर जगलेल्या संगीताने आता कोठे जावे, हा प्रश्न शेकडो कलावंतांपुढे उभा राहिला.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दोन महाराष्ट्रीय गृहस्थांनी पुष्कळ आधी आरंभ केला होता. त्यांपैकी एक पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा हे इचलकरंजी संस्थानचे गवई. कबनूरहून इचलकरंजी म्हणजे हाकेच्या अंतरावरचे गाव, तेव्हा या परिसरातील मुलांना हा इतिहास आपल्या अंगणातलाच वाटावा. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे. त्यांनी देशभर हिंडून जुन्या चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत लिहून छापल्या आणि १९२६ मध्ये लखनौ येथे मॅरिस कॉलेज या नावाने संगीताचे विद्यालय सुरू केले. डॉक्टर श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते पुढे अनेक वर्षे सांभाळले. १९६६ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने ते आपल्या हाती घेऊन त्याला भातखंडे यांचे नाव दिले, आणि २००० साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

रामपूरच्या दीर्घ सेवेनंतर अहमदजान या लखनौच्या विद्यालयात तबल्याचे प्राध्यापक झाले, विभागाचे प्रमुख झाले आणि पुढे संस्थेने त्यांना सन्माननीय प्राध्यापकपद दिले. ज्यांचे शिक्षण गुरूच्या दारात चिलीम-पाणी भरून झाले, ते आता वर्गात बसून हजेरीपटावरच्या मुलांना शिकवू लागले.

हा बदल दिसतो तितका लहान नव्हता. जुन्या काळी तबल्याची विद्या घराण्यात कुलूप लावून ठेवीत. तिची किंमत किती होती, याविषयी एक कथा आहे. फरुखाबाद घराण्याचे मूळ पुरुष हाजी विलायतअलीखाँ यांचा विवाह लखनौचे उस्ताद बक्षूखाँ यांच्या मुलीशी झाला. सासऱ्याने जावयाला हुंड्यात सोने-नाणे न देता तबल्याच्या दुर्मिळ गती दिल्या, असे म्हणतात. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, गत ही दागिन्यासारखी जपण्याची वस्तू होती, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते. अहमदजान याच परंपरेत वाढलेले. त्यांच्यापुढे आता जी मुले बसत त्यांत कोणी कारकुनाचा मुलगा, कोणी व्यापाऱ्याचा. घराण्याशी रक्ताचे नाते कोणाचेच नाही. शिवाय वर्गाला वेळापत्रक असते, अभ्यासक्रम असतो, वर्षाच्या शेवटी परीक्षा असते. एक कायदा सहा महिने घोटावयाचा, हा गुरुगृहाचा शिरस्ता तेथे कसा चालावा? भरभर शिकविले तर हात कच्चे राहतात. सावकाश शिकविले तर अभ्यासक्रम पुरा होत नाही. संगीताच्या शाळांपुढील ही अडचण आजही सर्वस्वी सुटलेली नाही. परंतु त्यांच्यासारख्या उस्तादाने विद्यालयाची खुर्ची स्वीकारली, यामुळे तबला हा शिकण्याचा व शिकविण्याचा एक प्रतिष्ठित विषय आहे, हे लोकांना पटले.

वर्गाबाहेरही त्यांचे शिष्य पुष्कळ होते आणि त्यांत महाराष्ट्रातील व मुंबईतील शिष्यांचा मोठा भरणा होता. लालजी गोखले, निखिल घोष, कोल्हापुरात वाढलेले सुरेश ऊर्फ भाई गायतोंडे ही त्यांतील काही ठळक नावे. निखिल घोष यांनी १९५६ मध्ये मुंबईत संगीत महाभारती ही संस्था स्थापन केली. भाई गायतोंडे हे पुढे स्वतः नामवंत वादक व गुरू झाले. नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडताना खाँसाहेबांनी महाराष्ट्राशी जे नाते जोडले होते, ते असे शिष्यांच्या रूपाने टिकून राहिले.

मानसन्मानही चालून आले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. १९७० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. तबलावादकाला हा किताब मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. ज्या वाद्याच्या वादकाचे नाव एके काळी जाहिरातीत छापीत नसत, त्या वाद्याचा तो गौरव होता. तोवर खाँसाहेबांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते, तरीही वादन थांबले नव्हते. आकाशवाणीवर ते वाजवीत, संगीत परिषदांना जात. त्यांच्या वादनाच्या तबकड्या निघाल्या होत्या आणि त्या आजही ऐकावयास मिळतात. जुन्या तबकडीची खरखर सोडून कान दिला, तर बोल किती अलग आणि गोल पडत, हे सहज ध्यानात येते. लय चढत जाते, पण शब्द एकमेकांवर आदळत नाहीत.

अखेरच्या वर्षांत ते पुष्कळदा मुंबईत असत आणि तेथील एन. सी. पी. ए. या संस्थेत शिकवीत. ज्या शहरात बारा वर्षांचा मुलगा म्हणून ते शिकावयास आले होते, त्याच शहरात आता त्यांच्याकडे लोक शिकावयास येत होते. परंतु त्यांचे मन लखनौत गुंतलेले असे. आपला शेवट लखनौतच व्हावा, अशी इच्छा ते निकटच्या मंडळींजवळ बोलून दाखवीत. १९७६ च्या जानेवारीत मोहरमच्या निमित्ताने ते लखनौला गेले. मोहरमचे दिवस आटोपल्यावर मुंबईला परतावयाचे होते. सामानाची बांधाबांध झाली, निघण्याची वेळ झाली, आणि त्याच सुमारास, १३ जानेवारी १९७६ रोजी, त्यांनी देह ठेवला. मुंबईची गाडी त्या दिवशी त्यांच्यावाचूनच सुटली.